झुनिल्दाची दाढ आणि कासिमिराचा भोपळा

पाराग्वारी गावाच्या जुन्या स्टेशनात आता गाडी येत नाही. पण स्टेशनासमोरच्या आंब्याखाली माणसं मात्र रोज सकाळी जमायची, ती क्रिस्पीन ओवेलारकडे. त्याच्यासमोर लाकडी उखळ असायचं आणि बाजूला ओल्या गोणपाटाखाली ताजी पानं, मुळ्या, साली. जो तो आपला बर्फाच्या पाण्याचा थर्मास घेऊन यायचा. कुणी म्हणायचं, "काराई, काल जेवण जड झालं." कुणी म्हणायचं, "उन्हात राबलो, अंगाची आग होतेय." क्रिस्पीन फारसं विचारायचा नाही. दोन-तीन जुड्यांतून चिमूट चिमूट घ्यायचा, उखळात चार ठोके द्यायचा आणि तो हिरवा गोळा त्यांच्या पाण्यात सोडायचा. दिवसभर माणसं तेच गार पाणी तेरेरेच्या पेल्यात, येर्बाच्या कडवट पाल्यावर, थोडं थोडं ओतून प्यायची.

बोलायच्या बाबतीत तो पहिल्यापासून भित्रा. लग्नात त्याने 'हो' इतक्या हळू म्हटलं, की पाद्रीबुवांना दुसऱ्यांदा विचारावं लागलं. चारचौघांत उभं राहायची वेळ आली की त्याची दातखीळ बसायची. उखळामागे मात्र तो निराळा माणूस होता. 'काराई' हा मानाचा शब्द आमच्याकडे पिकल्या केसांच्या माणसाला लावतात. क्रिस्पीनला तो बाविसाव्या वर्षी मिळाला, आई गेली आणि तिचं उखळ त्याच्याकडे आलं तेव्हा. त्याच्या हिशेबी जन्मात त्याने मिळवलेलं एवढंच. म्हणून तो त्या शब्दाला फार जपायचा.

मुलगा आणि सून ब्वेनोस आयरेसला कामाला. नात झुनिल्दा आजी-आजोबांकडेच वाढलेली, एकोणीस वर्षांची. जानेवारीत तिची अक्कलदाढ आडवी आली आणि गाल सुजला. एका सोमवारी क्रिस्पीन तिला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. तासाभराने दाढ काढून ती बाहेर आली ती तोंडात कापूस धरून, डोळ्यांत पाणी आणि हातात छापील कागद.

घरी आल्यावर बायकोने, देओलिंदाने, कागदाला हात घातला. क्रिस्पीन म्हणाला, "आण इकडे, मी वाचतो." औषधपाण्याचं काही असलं की ते त्याचं खातं.

त्याने ओसरीवर बसून मोठ्याने वाचलं. पहिले काही दिवस थंड आणि मऊ खावं. गरम नको. चिपाचा कडक पाव नको, भाजलेला मका नको, दाणे नकोत. जोरात थुंकू नये. स्ट्रॉ वापरू नये.

"स्ट्रॉ म्हणजे कसली रे?" देओलिंदाने विचारलं.

"ती प्लास्टिकची. रंगीत. पोरं बाटलीत घालून पितात ना, ती."

"आपल्याकडे कुठाय तसली?"

"नाहीच," क्रिस्पीन म्हणाला, आणि कागदाची घडी घालून त्याने ती मेरीच्या तसबिरीमागे ठेवली.

संध्याकाळी शेजारची न्या कासिमिरा आली; 'न्या' म्हणजे आमच्याकडे 'बाई'. कासिमिरा विधवा, उंचीला दारात वाकावं लागेल एवढी, आवाज त्याहून मोठा. झुनिल्दाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी हिनेच तिला हातांवर धरलं होतं. तेव्हापासून ती तिची धर्मआई. गल्लीत कुणाचे दात यायचे असोत की जायचे, पातेलं कासिमिराचंच. बाळंतिणीला मक्याची पेज, कवळी बसवलेल्या म्हाताऱ्याला दूधभात, आणि तीन फेब्रुवारीला, सान ब्लासच्या सणाला, देवळाच्या पंगतीत किवेवे. लाल भोपळा शिजवून, मक्याचं पीठ लावून, ताजं चीज घालून केलेलं ते मऊ किवेवे वीस वर्षं तिच्याशिवाय कुणी केलं नव्हतं.

झुनिल्दाने रिवाजाप्रमाणे हात जोडले.

"देव भलं करो तुझं. बोलू नकोस, राहू दे," कासिमिरा म्हणाली. "अगं बाई, काय हा गाल! भोपळ्याला भोपळा घेऊन आले म्हणायचं. हे बघ देओलिंदा, पीठ तीनदा चाळलंय, पातळ फडक्यातून. कण नाही राहिलेला. पातेलं विहिरीच्या पाण्यात ठेवून गार केलंय. बाळाला भरवावं तसं भरव."

झुनिल्दाने चमच्याच्या टोकाने सावकाश खाल्लं. चमचा खाली ठेवून तिने आजीकडे पाहून मान डोलावली, तसं सगळ्यांना बरं वाटलं. "उद्या ताजं आणते," म्हणून कासिमिरा गेली.

मंगळवारी दुपारी ऊन असं पडलं होतं की कोंबड्या चोची उघड्या टाकून सावलीला पडल्या होत्या. देओलिंदा देवळात सणाच्या तयारीला गेली होती. झुनिल्दा ओसरीवर झोळीत पडून पुठ्ठ्याने वारा घेत होती. क्रिस्पीनला तिची दया आली. त्याने पुदिना घेतला, सूज उतरायला घोडशेपटीची काडी घेतली, कुटली आणि बर्फाच्या पाण्यात सोडली. शिंगाच्या पेल्यात येर्बाचा पाला भरला, त्यात आपली बोंबिया रोवली. बोंबिया म्हणजे ती धातूची जाळीदार नळी. क्रिस्पीनची चांदीची होती, आईच्या आईची.

"घे," तो म्हणाला. "डॉक्टरीणबाई थंड घ्या म्हणतात ना? याहून थंड काय असणार?"

झुनिल्दाने ओठाच्या कोपऱ्यात बोंबिया धरली आणि ओढलं. पेला रिकामा करून परत दिला. त्याने भरून पुन्हा दिला. आमच्याकडे पेला फिरत असताना 'ग्रासियास' म्हटलं, की त्याचा अर्थ 'आता पुरे'. तोवर ओतणाऱ्याने ओतत राहायचं असतं. झुनिल्दाचं तोंड धड उघडत नव्हतं. ती काही म्हणाली नाही आणि क्रिस्पीन ओतत राहिला. पोर पितेय, पोटात औषध जातंय, या आनंदात त्याने थर्मास संपवला.

बोंबियाला कुणी स्ट्रॉ म्हणेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. गावात कुणाच्याच आलं नसतं.

गुरुवारी सकाळी झुनिल्दा कान धरून रडायला लागली. तोंडाला घाण वास येत होता. ठणका जबड्यातून कानात आणि कानातून डोक्यात. क्रिस्पीन तिला घेऊन पुन्हा दवाखान्यात गेला. या वेळी डॉक्टरीणबाईंनी त्यालाही आत बसू दिलं. तो टोपी मांडीवर ठेवून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला.

बाईंनी आरशाने आत पाहिलं. "खपली निघाली. हाड उघडं पडलंय. स्ट्रॉने काही प्यायलीस का?"

झुनिल्दाने मान हलवली. नाही.

"तेरेरे? बोंबियाने ओढलं तरी तेच होतं. ओढ बसली की रक्ताची खपली सुटून येते. तेरेरे घेतलास?"

क्रिस्पीनच्या हातातली टोपी चुरगळली. त्याला वाटलं, आता उठावं आणि म्हणावं, बाई, मी पाजलं. झुनिल्दाने पाण्याने भरलेल्या डोळ्यांनी एकदा आजोबांकडे पाहिलं. मग डॉक्टरीणबाईंकडे वळून तिने पुन्हा मान हलवली. नाही.

"मग खाताना एखादा कण गेला असेल," बाई म्हणाल्या. त्यांनी जखम धुतली, लवंगेच्या वासाचं औषध भरलं आणि दोन दिवसांनी पुन्हा यायला सांगितलं. क्रिस्पीन उठला नव्हता. परत येताना नात पुढे आणि तो दोन पावलं मागे चालत राहिला. तिच्या शेजारी चालायला त्याचे पाय धजत नव्हते.

दारातच देओलिंदाने गाठलं. "काय म्हणाली?"

"खाताना कण गेला असेल म्हणाली."

ते वाक्य खोटं नव्हतं. डॉक्टरीणबाई तसंच म्हणाल्या होत्या. क्रिस्पीनने पुढे कितीतरी दिवस मनात हेच घोळवलं, की आपण खोटं एक अक्षर बोललो नाही.

"कण?" देओलिंदा म्हणाली. "कसला कण? गेले तीन दिवस पोरीच्या तोंडात काय गेलंय? दूध, दही आणि तिचा भोपळा. मक्याचा कण! तीनदा चाळलं म्हणे! डोळ्यांनी दिसतंय का आता तिला?"

त्या सकाळचं ताजं पातेलं झाकण घालून चुलीशेजारी होतं. देओलिंदाने ते उचललं आणि तरातरा कुंपणाकडे गेली. क्रिस्पीन मागे गेला, आणि का गेला हे त्यालाच कळलं नाही.

"कासिमिरा! हे घे तुझं. पोर आडवी झालीय या तुझ्या पिठामुळे."

भरलेलं पातेलं परत आलेलं पाहून कासिमिराने झाकण उचलून आत पाहिलं. एवढ्या वर्षांत तिचं पातेलं घासूनपुसूनच परत आलं होतं. मग तिने देओलिंदाच्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"काराई, तुमचं काय म्हणणं?"

"मला... मला पुरतं माहीत नाही," क्रिस्पीन म्हणाला.

"बरं," कासिमिरा म्हणाली, आणि पातेलं घेऊन आत गेली.

गावात असल्या गोष्टींना पाय फुटतच असतात. शनिवारपर्यंत आंब्याखाली गिऱ्हाइकं विचारू लागली. "काय हो काराई, कासिमिराच्या हातचं खाऊन नातीची दाढ नासली म्हणे?" दुसरा म्हणायचा, "म्हातारी झाली, हातात पूर्वीची चव राहिली नाही. माझी बायको आमच्या बाळाला आता तिची पेज देणार नाही म्हणते." क्रिस्पीन मूग गिळून कुटत बसायचा. पानं चेचून चिखल व्हायची तरी ठोके थांबायचे नाहीत. लोकांना वाटे, काराई भल्या मनाचा, शेजारणीबद्दल वाईट बोलायला नको म्हणून गप्प आहे. त्याचा मान उलट थोडा वाढलाच. हे त्याला सगळ्यांत जास्त टोचलं.

सणाच्या बायकांत देओलिंदा होती. एक दिवस ती घरी येऊन म्हणाली, "या रविवारी कामं वाटतील. सणाची वही सांभाळते त्या न्या ओब्दुलियाचं म्हणणं, कासिमिराला यंदा विसावा द्यावा. किवेवे दुसरं कुणी करेल."

"विसावा?" क्रिस्पीन म्हणाला.

"मग काय म्हणायचं? तोंडावर नको म्हणायचं का?"

बुधवारी देओलिंदाने नातीला ताकद यावी म्हणून सोयो करायला घेतलं. मांस उखळात लोण्यासारखं कुटायचं, गार पाण्यात कालवायचं आणि हळूहळू तापवत ढवळत राहायचं. चावावं लागत नाही असं ते मांस. आमच्याकडे मानतात, की सोयो शिजताना मन बिघडलेलं माणूस चुलीपाशी नको, नाहीतर ते फाटतं. क्रिस्पीनने मांस कुटून दिलं आणि दारात उभा राहिला. थोड्या वेळाने सोयो फाटलं. पाणी एकीकडे, मांसाचा चोथा एकीकडे.

"बघ!" देओलिंदाने डाव आपटला. "आत्ताच ती कुंपणापाशी उभी होती, मी पाहिलं. तिचीच नजर लागली."

क्रिस्पीनने आपल्या पायांकडे पाहिलं. ते उंबऱ्यावरच होते, चुलीपासून चार हातांवर. तो बाहेर गेला.

ओसरीवर झुनिल्दा दह्याची वाटी घेऊन बसली होती. ठणका उतरला होता. ती आता हळूहळू बोलायची.

"आजोबा, बसा."

तो बसला.

"त्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना नाही म्हटलं, ते तुमच्यासाठी," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही घरी येऊन आजीला सांगाल. मी धर्मआईकडे गेले नाहीये इतके दिवस. हात जोडून उभं राहायचं कसं तिच्यापुढे? मीच सांगू का सगळ्यांना?"

"नको," क्रिस्पीन म्हणाला. "तू नको."

"मग?"

नातीला आपल्यापायी खोटं बोलावं लागलं, आणि आता खरंही तिनेच बोलायचं, एवढं मात्र त्याला सोसवेना. तरी कासिमिराच्या अंगणात जायला त्याला शनिवार उजाडला.

ती ओट्यावर बसून शेंगा सोलत होती. तिने बसा म्हटलं नाही. तो टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"न्या कासिमिरा, त्या मंगळवारी दुपारी मी पोरीला..."

"अकरा पेले," कासिमिरा म्हणाली.

"काय?"

"अकरा पाजलेत. मी कपडे वाळत घालत होते, मोजले. मनात म्हटलं, काराईने पाजलंय म्हणजे चालत असेल. काराईला कळतं."

क्रिस्पीनला वाटलं, हिने हातातली टोपली डोक्यात घातली असती तर बरं झालं असतं.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी बोलले असते तर तुमची देओलिंदा काय म्हणाली असती? स्वतःचं झाकायला काराईवर ढकलते. तुमचा शब्द तो शब्द, आमचा म्हणजे भोपळा." तिने एक शेंग मोडली. "पाजलंत त्याचं मला काही नाही. तुम्हाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. पण कुंपणापाशी मी तुम्हाला विचारलं, तेव्हा माहीत होतं ना?"

"होतं."

"नऊ दिवस झाले. समोरच्या घरातल्या सुनेने काल माझी पेज दारातून परत पाठवली. बाळ झोपलंय म्हणाली. बाळ आत रडत होतं."

"माझं चुकलं. मी माफी..."

"इथे अंगणात माफी मागून काय करू मी? इथे माझं नाव गेलेलं नाही. जिथे गेलं तिथे जा." आणि ती शेंगा सोलायला लागली.

रविवारी मिस्सा संपल्यावर देवळाच्या आवारात फणसाखाली बाकं मांडून कामं वाटली जात होती. न्या ओब्दुलिया वही घेऊन बसली होती. कासिमिरा अगदी मागे, भिंतीला टेकून उभी होती. चिपाचं कुणाकडे, मांसाचं कुणाकडे, झालं. "किवेवे," ओब्दुलिया म्हणाली आणि घसा खाकरला. "यंदा न्या कासिमिराला जरा विसावा..."

"थांबा," कुणीतरी म्हणालं. आवाज इतका बारीक होता, की लोकांनी वळून इकडेतिकडे पाहिलं. क्रिस्पीन उभा होता.

"काय म्हणालात, काराई?"

देओलिंदाने त्याची बाही ओढली. त्याने ती हळूच सोडवून घेतली.

"कासिमिराच्या किवेवेत काही नव्हतं," तो म्हणाला. "पोरीला मी तेरेरे पाजला. बोंबियाने. त्याने खपली निघाली. डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर विचारलं आणि मी गप्प बसलो. घरी आलो, गप्प बसलो."

मग मागून एक जण म्हणाला, "अहो, त्यात काय? मी तर दाढ काढल्यावर तासाभरात प्यायलो होतो!" दुसरा म्हणाला, "बोंबियाला स्ट्रॉ म्हणायचं म्हणजे बिशपला झगेवाला म्हणण्यासारखं झालं!" आवारात हशा पिकला. पाद्रीबुवाही हसले. लोकांनी त्याला सोडून दिलं होतं. बसला असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं.

"हसू नका," क्रिस्पीन म्हणाला. "पाजलं ती चूक एका दुपारची. गप्प बसलो ते दहा दिवस. तुम्ही सगळे माझ्यासमोर तिला नावं ठेवत होता, आणि मी तुमच्यासाठी पाला कुटत होतो."

कुणी हसलं नाही. काही जणांनी खाली पाहिलं, कारण नावं ठेवणारे तेच होते. ओब्दुलियाने वहीत काहीतरी खोडलं आणि काहीतरी लिहिलं. कासिमिरा भिंतीपासून हलली नाही.

देओलिंदा घरी जाताना रस्ताभर पुढे चालत होती. फाटकापाशी थांबून म्हणाली, "पोरीला पाजलंस ते सोड. भरलं पातेलं घेऊन मी कुंपणापाशी गेले, तेव्हा तू माझ्या मागे उभा होतास. मला जाऊ दिलंस." त्यानंतर तीन दिवस ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. चौथ्या दिवशी ती एकटीच कुंपणापलीकडे गेली. तिथे काय बोलणं झालं ते क्रिस्पीनला कधी कळलं नाही. परत आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते आणि हाताला भोपळ्याचा चीक लागला होता.

सान ब्लासच्या दिवशी पंगत लांबलचक होती. झुनिल्दा धर्मआईच्या हाताखाली पळत होती, दोन्ही गालांनी हसत होती. आंब्याखालची गिऱ्हाइकं त्या आठवड्यात पहिल्यासारखीच आली होती. एक-दोन आली नव्हती. 'काराई' सगळेच म्हणत होते. क्रिस्पीनला मात्र ती हाक ऐकली की मागे दुसरं कुणी उभं आहे का ते पाहावंसं वाटे.

कासिमिरा मोठं पातेलं घेऊन वाढत आली. इतरांना एकेक डाव, त्यालाही एकच. कमी नाही, जास्त नाही.

"खा, काराई," ती म्हणाली. "गार होतंय."

त्याने चमचा तोंडात घातला. भोपळा इतका मऊ होता, की जिभेवर ठेवताच विरघळला. कण कुठेच नव्हता. शेजारचा म्हातारा बिनदातांच्या तोंडाने दुसरा डाव मागत होता. क्रिस्पीनचे दात सगळे शाबूत होते, आणि तो एवढासा घास घशाखाली उतरेना. कासिमिरा पुढच्या पानाशी गेली, तरी तो तोंड मिटून तसाच बसून राहिला.